फ्लॅशची पांढरी टोपी

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज एका आजीबाईंनी मी काढलेला फोटो काउंटरवर आपटला आणि म्हणाल्या, "हा आमचा नाही."

मी चाटच पडले. इतकी वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली लग्नांचे फोटो काढले, नवरीमुलींच्या मावश्यांची बोलणी खाल्ली, पण माणूसच चुकीचं काढलंय असा आरोप कधी झाला नव्हता. स्वतःचा स्टुडिओ उघडून महिना होत नाही तोवर ही सलामी.

"कोण तुमचा नाही, आजी?"

"हा नातू. आमच्याच्या कपाळावर व्रण आहे. पाळण्यातून पडला होता. कुठे गेला तो?"

मी समजावलं, की आजी, मी काही पुसलेलं नाही, माझा प्रकाश मऊ असतो, त्यात असल्या बारीक खुणा दिसत नाहीत, लोक मुद्दाम तसाच फोटो मागतात. त्या म्हणाल्या, "मग कडक प्रकाशात काढ. व्रणासकट आमचा आहे तो." आणि फोटो तिथेच टाकून गेल्या.

शेजारी शिंपीमास्तरांचं दुकान. मध्ये प्लायवूडची भिंत, त्यामुळे माझी अब्रू मला कळायच्या आधी त्यांना कळते. आमची ठरलेली खूण आहे: भिंतीवर एक थाप म्हणजे चहा आलाय, दोन म्हणजे ऐकलं, कळलं. आज आधी दोन थापा आल्या, मग एक. चहा पिताना म्हणाले, "ताई, मी कापडाला इस्त्री करतो, तुम्ही माणसांना करता. आजीबाईंना चुणी हवी होती."

हसले, पण दिवसभर डोक्यातून गेलं नाही. इतकं सुंदर पोर काढलं होतं मी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

छायाचित्रकार मंडळाच्या अध्यक्षकाकांचा फोन. महिनाअखेरच्या बैठकीत मी बोलायचं. विषय: फ्लॅश डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशवरची पांढरी टोपी, फायदे आणि तोटे. मंडळात सगळे मिशीवाले, आणि बोलावणं मला! फोन ठेवल्यावर पाच मिनिटं नुसती खुर्चीत बसून होते.

फायद्यांवर मी झोपेतही बोलेन. नुसता फ्लॅश थोबाडीत मारल्यासारखा चेहऱ्यावर बसतो. नाक चमकतं, कानामागे काळी सावली पडते, आणि डोळे लाल येतात. लाल का? प्रकाश लेन्सच्या शेजारूनच निघतो, थेट डोळ्यात शिरतो, तळाला आपटून आल्या वाटेने परत येतो. तळाशी रक्त असतं, म्हणून लाल. फ्लॅशवर पांढरी टोपी चढवा, तोंड छताकडे वळवा, की प्रकाश चहूकडून झिरपत येतो. बाहुल्या काळ्याभोर. चेहरा लोण्यासारखा.

तोटे? निम्मा प्रकाश टोपीच खाते. बॅटरी लवकर संपते. चेहरे थोडे सपाट येतात. झाले तीन, तिन्ही किरकोळ. काका म्हणाले, "तोटेही नीट सांग हं, नाहीतर जाहिरात वाटेल." आता तोटे काय विकत आणू?

दुपारी वहिनी टिल्लीला घेऊन आली. टिल्ली म्हणजे दादाची मुलगी, परवा दोन वर्षांची होईल, आणि आमच्या घरातली खरी मालकीण. आल्या आल्या तिने माझ्या फ्लॅशची टोपी पळवली आणि बाहुलीच्या डोक्यावर बसवली. मी डावीकडून हाका मारत होते, तर आधी बघेचना. मग अख्खं अंग वळवून, मान तिरकी करून माझ्याकडे असं बघितलं, की मी नाटक कंपनीत आहे का दुकानात, तेच कळेना. ती तिरकी मान मी लगेच टिपली. टोपी लावून, अर्थातच दुसरी.

९ फेब्रुवारी, रविवार

टिल्लीचा वाढदिवस. मी कॅमेरा नेला नव्हता. म्हटलं, एक दिवस तरी नुसती आत्या होऊ. फोटो वहिनीने काढले, फोनवर, फ्लॅश मारून, अर्धे दिवे बंद करून. म्हणजे व्हायचं ते झालंच. सगळ्यांचे डोळे लाल. दादा तर रेड्यावर बसून आल्यासारखा दिसत होता.

आणि एक फोटो बघून मी खरंच ओरडले. टिल्ली खदखदून हसतेय, उजवा डोळा लाल आणि डावा पांढरा. मांजराचा अंधारात चमकतो तसा. मला इतकं दचकायला झालं, की फोन हातातून सुटला. मग सगळे हसले, मीही हसले.

वहिनी हसली नाही. म्हणाली, "मागेही एकदा असाच आला होता गं. तुला दाखवला होता. तू म्हणालीस, फोन बदल."

"मग अजून बदलला नाहीस?" मी म्हटलं. "तिरका प्रकाश गेला असेल आत. असल्या फ्लॅशमध्ये काहीही येतं, वहिनी. म्हणून तर टोपी घालतात."

"पण एकाच डोळ्यात?"

"टोपी घातली असती, तर एकाही डोळ्यात आलं नसतं."

दादा म्हणाला, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. कापा आता तो केक."

१० फेब्रुवारी, सोमवार

वहिनीचा तो फोटो मी दुरुस्त केला. हसू असं आलंय, की मी जन्मात पकडलं नसतं. कबूल करायला जिवावर येतं, पण खरं आहे. लाल डोळ्याला एक बटण दाबलं, काळा झाला. पांढऱ्याला बटण लागू पडेना, कॉम्प्युटरला तो डोळाच वाटत नव्हता. मग उजवा डोळा उचलला, उलटा केला आणि डावीकडे बसवला. चमकेचा ठिपकासुद्धा जुळवला. कोणाच्या बापाला कळणार नाही.

मोठा छापून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. मूळ फोटो माझ्याकडे घेतल्यावर वहिनीच्या फोनमधून कालच उडवला होता. असला कचरा कशाला ठेवायचा? मास्तर काच बघून म्हणाले, "पोरगी बोलेल असं वाटतंय." दिवसभरात तीन आया चौकशीला आल्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

टिल्ली आज माझ्या स्टुलावर धडकली. गेल्या आठवड्यात दाराच्या चौकटीवर. दोन्ही वेळा डाव्या अंगाने, दोन्ही वेळा डोळ्यांदेखत. धांदरट आहे, दादावर गेलीय. दादा लहानपणी उभ्या बैलगाडीला धडकला होता, असं आई अजून सांगते.

वहिनीने पुन्हा तो विषय काढला. "एकदा डॉक्टरांना दाखवू का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "वहिनी, मी रोज डोळेच बघते. धंदाच तो आहे माझा. नको ते डोक्यात घेऊ नकोस." ती गप्प बसली. तिचं ते गप्प बसणं मला टोचलं, म्हणून आता साक्षीपुराव्यानिशी दाखवणार आहे. व्याख्यानासाठी टोपीसह आणि टोपीविना असे जोडफोटो हवेतच. रविवारी सगळ्यांना बसवते. नुसत्या फ्लॅशमध्ये कोणाकोणाचे डोळे कसे विचित्र येतात, ते वहिनी स्वतः बघू दे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

२३ फेब्रुवारी, रविवार

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

सगळे आले. दादा, वहिनी, आई, मास्तर, मास्तरांची शाळेत जाणारी मुलगी. आतल्या खोलीचे दिवे मंद केले. एकच स्टूल, एकच अंतर. आधी सगळ्यांचे नुसत्या फ्लॅशने काढले. पडद्यावर एकेक दाखवत गेले आणि नुसता दंगा. आईचे लाल, मास्तरांचे लाल, त्यांच्या मुलीचे लालभडक. मास्तर म्हणाले, "या फोटोवर मला पोलीस उचलतील." मी ऐटीत म्हटलं, "बघा, नुसत्या फ्लॅशचे प्रताप."

मग टिल्ली. उजवा लाल. डावा पांढरा.

मी म्हटलं, कोन. स्टूल सरकवलं. पांढरा. मी सरकले. पांढरा. दुसरा कॅमेरा आणला. पांढरा. माझा फोन, दादाचा फोन, वहिनीचा तो बदनाम फोन. पांढरा, पांढरा, पांढरा. टिल्लीला वाटलं खेळ चाललाय, ती दर वेळी टाळ्या वाजवत होती.

मग मी टोपी चढवली. का चढवली देव जाणे. एक काढला. दोन्ही डोळे काळेभोर, टपोरे. तिचा आजवरचा सगळ्यात देखणा फोटो तो.

वहिनी पडद्याजवळ आली. म्हणाली, "लाल म्हणजे आतलं रक्त, असं तू सांगितलंस."

"हो."

"मग पांढरं म्हणजे काय?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. लाल का येतं ते मला ठाऊक होतं, आणि ते घालवायचं कसं तेही. त्यापुढे माझी अक्कल गेलीच नव्हती.

दादा खाली बसला. टिल्लीच्या हातात बाहुली होती. त्याने तळहाताने तिचा उजवा डोळा झाकला. ती किंचाळली, हात ढकलला, चावायला धावली. त्याने जरा थांबून डावा झाकला.

ती खेळत राहिली. बाहुलीच्या डोक्यावर माझी टोपी बसवत राहिली.

आईने तोंडात पदर कोंबला. मास्तरांनी आपल्या मुलीला गुपचूप बाहेर नेलं. मी कॅमेरा घेऊन जमिनीवर बसले. एका डोळ्याने बघतेय ती. किती दिवस? आणि मी तिला धांदरट म्हणत होते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काल डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी थेंब घातले, आत उजेड टाकला आणि सरळ मोठ्या दवाखान्यात फोन लावला. तेव्हाच माझं धाबं दणाणलं. आज तिथे टिल्लीला भूल देऊन सगळ्या तपासण्या.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर गाठ आहे. कॅन्सरची.

मी शब्द लिहिला खरा, पण त्याच्याकडे बघवत नाही. दोन वर्षांच्या पोरीला! तिला अजून "आत्या" म्हणता येत नाही, "आत्ता" म्हणते.

मोठे डॉक्टर सावकाश बोलतात. म्हणाले, "डावा डोळा काढावा लागेल. उजवा आज स्वच्छ आहे. गाठ अजून डोळ्याबाहेर गेलेली दिसत नाही, म्हणून मूल वाचेल असं मी म्हणतोय. उशीर मात्र करू नका." दादा नुसती मान हलवत होता, मास्तरांकडे माप देताना हलवतात तशी. ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. त्याचे आणि वहिनीचेही डोळे तपासले, कधी कधी घरातून येतं म्हणे. दोघांचे बरे आहेत.

मग डॉक्टरांनी विचारलं, "पांढरं कधीपासून दिसतंय? जुने फोटो असतील तर बरं होईल, कधी सुरू झालं त्याचा अंदाज येतो."

दादाचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा उजळला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हिची आत्या फोटोग्राफर आहे, डॉक्टर. जन्मल्यापासूनचे हजारो फोटो आहेत."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी बाकाखालच्या फरशीकडे पाहिलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून सगळे फोटो उघडले. पाळण्यात, टबात, रांगताना, पहिला दात, पहिलं पाऊल. एक एक डोळा मोठा करून पाहिला.

सगळे काळे. सगळेच्या सगळे काळेभोर, सुंदर. टिल्लीच्या आयुष्यातला एकही दिवस मी टोपीशिवाय काढलेला नाही. हजारो फोटो, आणि डॉक्टरांच्या उपयोगाचा एक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे तर दिवाही माझाच होता.

पाच वाजता वहिनीचा फोन. "माझ्या बहिणीकडे सापडला. तो पहिला. मी तिला पाठवला होता तेव्हा." पाठोपाठ फोटो आला. ऑक्टोबरचा. डाव्या बाहुलीच्या कडेला नखाच्या चंद्राएवढी पांढरी कोर. मला दाखवला होता तो हाच. मी तो नीट मोठा करूनही पाहिला नव्हता. फोन कोणत्या कंपनीचा, ते पाहिलं होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांना ऑक्टोबरचा फोटो दिला. मी विचारलंच. "तेव्हा आलो असतो, तर डोळा वाचला असता?"

त्यांनी चष्मा काढला. "कदाचित. गाठ लहान असती तर औषधांनी, लेझरने प्रयत्न केला असता. पण खात्रीने कोणी सांगणार नाही."

कदाचित. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

बाहेर बाकावर मी दादाला म्हटलं, "तेव्हा मी नीट बघितलं असतं तर…"

दादा सवयीने म्हणाला, "आत्याबाईला मिशा असत्या तर…" आणि तोंड झाकून हमसून हमसून रडला. माझा मोठा भाऊ. मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, आणि ठेवायचा मला हक्क आहे का तेही कळेना.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकान बंदच होतं. टिल्लीची बाहुली इथे राहिली होती, ती न्यायला वहिनी आली. मी कुलूप काढत होते आणि ती काचेपुढे उभी राहिली. तो फोटो! मला काढायचं सुचलंच नव्हतं. हातभर मोठा, हसरा, दोन टपोरे डोळे.

"हा डावा डोळा कुठून आणलास?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा.

"उजवाच आहे. उलटा करून लावला."

"म्हणजे दोन्ही उजवे."

"हो."

"आणि खरा डावा? तो कुठाय?"

"त्याच फोटोवर काम केलं, वहिनी. तसंच सेव्ह केलं."

तिने फोटोवरून नजर काढली. मग म्हणाली, "मी तीनदा विचारलं तुला. मला यातलं काही कळत नाही, म्हणून विचारलं. तुला कळतं, म्हणून ऐकलं."

"माफ कर" हा शब्द इतका फुसका वाटला, की ओठांवर आणवेना. ती ओरडली असती तर मी पाय धरले असते. ती बाहुली घेऊन गेली. बाहुलीच्या डोक्यावरची टोपी तेवढी काढून काउंटरवर ठेवून गेली.

प्लायवूडवर दोन थापा आल्या. मी उत्तर दिलं नाही. फोटो काचेतून काढला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

४ मार्च, मंगळवार

ऑपरेशन झालं. नीट झालं म्हणतात. याला नीट कसं म्हणायचं?

आत नेताना तिने माझ्याकडे हात केले. "आत्ता, फोटो?" तिला वाटलं, हिरव्या टोपीवाली माणसं म्हणजे माझ्याच दुकानातली.

६ मार्च, गुरुवार

मी घाबरत गेले. पट्टी, रडणं, सूज, काय काय मनात आणलं होतं. आणि बघते तर टिल्ली पलंगावर उभी राहून नाचतेय! डोळ्यावर पट्टी, हातात बिस्किट, नर्सला हुकूम सोडतेय. मी दारातच थिजले. डॉक्टर म्हणाले, "त्या डोळ्याने तिला आधीही दिसत नव्हतं. तिच्या दृष्टीने फारसं काही बदललं नाही. बदललंय ते तुमच्यासाठी."

गाठ तपासली. डोळ्याबाहेर गेलेली नाही. वहिनीने हे ऐकलं आणि दवाखान्याच्या बाकावरच झोपून गेली, उभ्या घरादारासमोर. आईने अंगावर शाल टाकली. मी तिच्या चपला नीट ठेवल्या. आणखी काय करणार होते?

३० मार्च, रविवार

व्याख्यान. काकांनी महिनाभर पुढे ढकललं होतं. मी नाहीच म्हणणार होते. वहिनीला सांगितलं, तर तांदूळ निवडताना मान वर न करता म्हणाली, "जा. आणि सगळं सांग." इतक्या दिवसांत मला उद्देशून बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

फायदे सांगितले. खोटं काही नव्हतं त्यात. प्रकाश मऊ पडतो, सावल्या विरतात, लहान मुलांचे डोळे दिपत नाहीत, डोळे लाल येत नाहीत. मग तोटे सुरू केले. निम्मा प्रकाश जातो, बॅटरी संपते, चेहरे सपाट येतात. आणि चौथा तोटा म्हणून पडद्यावर टिल्ली लावली. टोपीविना. उजवा लाल, डावा पांढरा.

मागून कोणीतरी मजेत ओरडलं, "अहो ताई, डोळा करेक्ट करायचा राहिला!"

सगळं सभागृह हसलं. टेबल धरलं. त्या माणसाचा राग आला नाही, तीच मोठी भीती वाटली. महिन्यापूर्वी ते वाक्य माझं असतं, आणि सगळ्यात मोठ्याने मीच हसले असते.

"राहिला नाही," मी म्हटलं. "मी केला होता." आणि काचेतला फोटो शेजारी लावला.

मग सगळं सांगितलं. ऑक्टोबर, फोन बदल म्हणणं, उलटा केलेला डोळा. डॉक्टरांनी बजावलं होतं तेही सांगितलं, की प्रत्येक पांढरी चमक म्हणजे गाठ नव्हे, आणि लाल आलं म्हणजे सगळं ठीक असंही नव्हे. पण पांढरं दिसलं तर ते पुसायचं नाही, दाखवायचं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो मागचा ओरडणारा आधी खाली वाकला. मला वाटलं लाजला. पण तो फोन काढून नातवाचे फोटो बघत होता. मग शेजारचा बघायला लागला. मग अध्यक्षकाका. पाच मिनिटं अख्ख्या सभागृहाच्या माना खाली, आणि मी पुढे उभी.

१७ एप्रिल, गुरुवार

आज नकली डोळा बसवला. डोळे बनवणाऱ्या गृहस्थांकडे छोटासा पत्र्याचा डबा, त्यात बारीक कुंचले. ते टिल्लीच्या उजव्या डोळ्यात बघत बघत डावा रंगवत होते. तपकिरी, मग कडेला जरा गडद, मग बारीक रेषा. मग चमकेचा ठिपका. उजव्यावरून डावा. मी हेच केलं होतं.

वहिनीच्याही ते लक्षात आलं असणार, कारण तिने माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "यांनी आधी सांगितलं, हा बघणारा डोळा नाही म्हणून."

मी मान हलवली. मग तिने तिची पिशवी माझ्याकडे दिली, धर म्हणून. मी ती घरापर्यंत खाली ठेवली नाही.

२ मे, शुक्रवार

काल मोठ्या दवाखान्यात भूल देऊन तपासणी झाली. उजवा स्वच्छ. आता दर काही आठवड्यांनी जायचं, पुढली कित्येक वर्षं.

आज वहिनी टिल्लीला घेऊन दुकानात आली. आपणहून. म्हणाली, "फोटो काढ. टोपी नको."

"वहिनी, डॉक्टर म्हणालेत ना, फोटोवरून काही…"

"माहितीये. त्यांची तपासणी त्यांच्या जागी. मला बघायचंय."

मी दिवे मंद केले. टिल्ली स्टुलावर चढली, या वेळी न धडकता. आता ती मान आधीच वळवून बघते, शिकलीय. माझ्या हातातली टोपी तिने मागितली आणि बाहुलीला घातली. मी नुसता फ्लॅश मारला. पहिले दोन फोटो हलले. तिसरा पडद्यावर आला.

डावा काळा, शांत. नकली डोळ्यातून काही परत येत नाही. उजवा लाल.

लाल! आयुष्यभर मी हा रंग पुसत आले. हजारो डोळ्यांतून पुसला असेल. आणि आज तो बघून मला ओक्साबोक्शी रडू फुटलं. बोट सवयीने त्या बटणावर गेलेलं. वहिनीने ते पाहिलं आणि माझं मनगट धरलं. घट्ट. मग सोडलंच नाही, तसाच हात धरून पडद्याकडे बघत राहिली.

"असाच छाप," म्हणाली. "आणि काचेत लाव."

लावला. जुना होता तिथेच. दुपारी त्या व्रणवाल्या आजीबाई नातवाला घेऊन आल्या, माझ्या निरोपावरून. मी त्याचा फोटो कडक प्रकाशात काढला. जाताना काचेपुढे थांबून म्हणाल्या, "हिचा एक डोळा लाल आलाय गं."

"हो आजी," मी म्हटलं.

१० जून, मंगळवार

दवाखान्यात सकाळी तपासणी, उजवा स्वच्छ. दुकानात दुपारी फोटो, टोपी न घालता. वहिनीला आईपाशी थांबावं लागलं, म्हणून टिल्लीला मी एकटीच घेऊन बसले होते. फ्लॅश मारला आणि पडद्याकडे बघायचं धैर्य होईना. टिल्लीच म्हणाली, "आत्ता, बघ ना."

लाल.

वहिनीला फोन केला. दादाला केला. मग प्लायवूडवर इतक्या जोरात थाप मारली, की वरचा कॅलेंडरचा खिळा पडला. पलीकडे शिलाई मशीन थांबलं. आणि दोन थापा आल्या.